तुरटीची लाही, मोरचुदाच्या पायऱ्या आणि मेलेला पिकअप

मागच्या महिन्यात याच पानावर मी तुरटीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की तिच्या खड्याच्या वजनातलं जवळजवळ निम्मं पाणीच असतं. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न : तुरटीची लाही करताना तवा तापला की खडा आधी पाघळतो, मग खदखदतो, फेस येतो आणि शेवटी पांढरा कुरकुरीत पोळा राहतो. तुम्ही म्हणता पाणी जातं, मग सुरुवातीला मला दिसतं ते वितळणं नाही का? आणि ही लाही पाण्यात टाकली तर परत तुरटी होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही तव्यापाशी उभं राहून नीट बघितलंय, कारण दोन्ही गोष्टी होतात आणि तुम्ही लिहिल्यात त्याच क्रमाने होतात. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे १२ रेणू, सहा ॲल्युमिनियमभोवती आणि सहा पोटॅशियमभोवती, आपापली जागा धरून बसलेले. शाळेत त्याला स्फटिकजल म्हणायचो. खडा हाताला कोरडा लागतो कारण ते पाणी ओल म्हणून नाहीच आहे, ते बांधकामातली वीट आहे.

९२ अंशांच्या आसपास हे बांधकाम ढासळतं, पाणी मोकळं होतं आणि मीठ (खायचं नव्हे, रसायनशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे तुरटीच) त्याच पाण्यात विरघळून जातं. म्हणजे आपण वितळली म्हणतो ते खरं तर स्वतःच्याच पाण्यात विरघळणं आहे, बाहेरून थेंबही न घालता. मग ते पाणी उकळायला लागतं, पाक घट्ट होत जातो, वाफ आत अडकते आणि फुगवत नेते, ती लाही. १०० ग्रॅम तुरटीतलं साधारण साडेपंचेचाळीस ग्रॅम पाणी उडालेलं असतं म्हणून ती एवढी हलकी लागते. हीच तुरटी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून गरम केलीत तर नुसतं पाण्यासारखं स्वच्छ द्रव होईल, लाही होणारच नाही, कारण पाण्याला जायला वाट नाही. हे झाकण जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाही परत पाण्यात घातलीत तर होते तुरटी, पण सावकाश. कडक भाजलेली असेल तर पाण्यात फार सुस्त असते, तासन् तास तशीच बसते. गरम पाणी घ्या, विरघळू द्या आणि भांडं न हलवता ठेवा, तळाशी पुन्हा आठ पैलूंचे खडे येतात.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टला मोरचुदाचं डिहायड्रेशन घेतलंय. पुस्तकात एक तापमान, दुसऱ्या पुस्तकात दुसरं आणि आमच्या टीजीए मशीनवर (तापवत तापवत वजन मोजणारं यंत्र) तिसरंच. मिनिटाला ५ अंश आणि मिनिटाला २० अंश अशा दोन रन घेतल्या तर पहिली पायरी चक्क वीसेक अंशांनी सरकली. गाइड सर म्हणतात सॅम्पल खराब आहे, नवीन बाटली काढ. खरंच सॅम्पल खराब आहे का?
– एमएस्सी भाग २ ची विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : अगं, सॅम्पल बिचारं ठीक असणार. नवी बाटली फोडायच्या आधी एक कर, पायऱ्या कुठे आल्यात ते सोड आणि पायऱ्या किती उंचीच्या आहेत ते मोज. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, पाण्याचे पाच रेणू, आणि ते २, २, १ असे जातात. तू १० मिलिग्रॅम घेतलं असशील तर पहिल्या पायरीनंतर ८.५६ उरायला हवं, दुसरीनंतर ७.११ आणि शेवटी पांढरी पूड ६.३९. हे आकडे जुळले की सॅम्पलला नावं ठेवायची नाहीत. रन सुरू होताच चाळिसाच्या आतच वजन घसरलं तर ते ओलं होतं, आणि एकूण घट ३६ टक्क्यांपेक्षा बरीच कमी आली तर बाटलीतच अर्धवट वाळलेलं होतं. बस, एवढीच परीक्षा.

आता तापमान. बर्फ शून्याला वितळतो, मग तू तो कुठल्याही ग्लासात ठेव, कारण तिथे बर्फाचं पाणी होतं आणि पाणी तिथेच राहतं. मोरचुदाचं तसं नाहीये. इथे एका घनाचा दुसरा घन होतो आणि सोबत वाफ सुटते, म्हणजे त्या व्यवहारात वाफ ही तिसरी पार्टी आहे, आणि तिला विचारल्याशिवाय तारीख ठरत नाही. २५ अंशांना पाच-पाणी आणि तीन-पाणी मोरचूद एकत्र ठेवले तर त्यांच्यावर वाफेचा दाब ७.८ मिलिमीटर पाऱ्याएवढा राहतो. त्याच तापमानाला साध्या पाण्यावर असतो २३.८. म्हणजे हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली गेली की हिशोबाने हे अवस्थांतर २५ अंशांनाही होऊ शकतं, नुसतं फार हळू. आणि वाफेने भरलेल्या भांड्यात तेच खूप वर जाईल. तर ‘किती तापमानाला’ हा प्रश्नच अर्धा आहे, पुरा प्रश्न ‘किती तापमानाला आणि किती वाफेत’ असा आहे, आणि पुस्तकवाले दुसरा अर्धा छापत नाहीत म्हणून एकीकडे ६३, १०९, २०० वाचायला मिळतं आणि दुसरीकडे शेवटच्या पाण्यासाठी कुणी १५०, कुणी २५० लिहितो. सगळे आपापल्या भांड्यापुरते खरे असतात.

मला विचारशील तर या मिठाचा सगळ्यात देखणा प्रयोग टीजीएचा नाहीच, दाबाचा आहे. तापमान ५० अंशांवर धरून ठेवायचं आणि पंपाने थोडी थोडी वाफ काढत जायची. दाब ४७ मिलिमीटरवर अडून बसतो, तू काढत राहतेस, तो हलत नाही, कारण जेवढी काढलीस तेवढी पाच-पाणीवाला भरून देतो. तो संपला रे संपला की दाब धाडकन ३० वर येतो आणि तिथे अडतो, मग साडेचारवर. मधला उतार नाही. जिन्याच्या पायऱ्या असतात तशा सरळ उभ्या-आडव्या. म्हणजे अडीच पाणी, साडेतीन पाणी असला काही मोरचूद नसतो, हे यातून जेवढं स्वच्छ कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. टीजीएच्या ग्राफवर हेच गोलगोल होऊन येतं कारण मशीन थांबत नाही, ते तापवतच सुटलेलं असतं.

आणि तुझे वीस अंश त्यातूनच आलेत. मिनिटाला २० अंशांनी तापवलंस की भट्टी पुढे पळते आणि पाणी मागे राहतं. त्यात पॅनमध्ये पूड जाड थराने भरली असशील तर खालच्या कणांची वाफ वरच्या कणांत अडकते आणि खालच्यांना वाटतं आपण दमट हवेत आहोत. पॅनवर झाकण होतं का? त्याला भोक होतं का? तुरटीची बरणी आठव. झाकण बंद असेल तर मोरचूद कोरडा होण्याऐवजी पाघळायला बघेल आणि डीएससीवर (तापवताना किती उष्णता शोषली जाते ते मोजणारं यंत्र) वेगळाच डोंगर येईल. कण किती बारीक, थर केवढा, नायट्रोजन मिनिटाला किती मिली, झाकण कसं, हे चारही ग्राफखाली लिही, मग कुणी विचारणार नाही. मिनिटाला १ अंशाची एक रन पण घे, कंटाळवाणी आहे पण घे.

यातली एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. वाफ वाढवली की पाणी जायचा वेग कमी होणार हे कुणीही सांगेल. पण काही मिठांत वाफ थोडी वाढवली की वेग आधी कमी होतो आणि मग एका टप्प्यावर उलटा वाढतो, १९३० च्या दशकात टॉपली आणि स्मिथ या जोडीने हे मँगनीज ऑक्झलेटवर पकडलं आणि नंतर मोरचुदावरही दिसलं. कारण असं, की अगदी कोरड्या हवेत पाणी गेल्यावर मागे जे उरतं ते विस्कळीत असतं, बाकीच्या पाण्याची वाट बुजवून बसतं. थोडी वाफ असली की तेच नीट स्फटिक होतं, आकसतं, भेगा पडतात आणि वाट मोकळी होते.

मशीनवर नंबर लागत नसेल तर मायक्रोस्कोपवर बस. काचेवर सिलिकॉन तेलाचा थेंब, त्यात मोरचुदाचा साखरेएवढा खडा, खाली हॉट स्टेज, म्हणजे तापवता येणारी बैठक. पाणी सुटायला लागलं की खड्याच्या कडेवरून बुडबुडे निघतात, आधी एक, मग माळ. खडा निळा असतो तो एका कोपऱ्यापासून दुधाळ व्हायला लागतो आणि ती सीमा आत सरकत जाते, पण कडा धारदार तशाच राहतात! आतलं घर पडलं तरी बाहेरची भिंत उभी. वितळणारं मीठ असेल तर उलट, बुडबुडा नाही पण कोपरे गोल होतात. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितलास की डीएससीच्या डोंगरांना आपोआप नावं देता येतात.

पाचवा रेणू सल्फेटला लटकलेला आणि वेगळा, म्हणून तो शेवटी जातो, असं तुला शिकवलं असेल. रचना खरी आहे, बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांनी दाखवली, चार पाणी तांब्याभोवती चौकोनात आणि एक बाजूला. पण ती गोष्ट मला जरा जास्तच सोपी वाटते. प्रत्येक पायरीला जाळी मोडून नवी मांडली जाते, मग शेवटी उरलेला रेणू ‘तोच’ पाचवा आहे असं म्हणणार कसं? व्हायवात विचारलं तर भांडू नकोस मात्र. आणि जाता जाता सांगून टाक की म्युनिकमध्ये १९१२ साली फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी लाउएच्या कल्पनेवरून क्ष-किरणांचा पहिला स्फटिक-फोटो काढला तो मोरचुदाच्याच खड्याचा होता, परीक्षक खूश होतात.

मी स्वतः एमएस्सीला असताना वाढवलेला एक अंगठ्याएवढा निळा खडा हौसेनं कपाटावर मांडून ठेवला होता. मे महिन्यात सुट्टीवरून आले तर त्याला पांढरं कोड फुटल्यासारखं झालेलं. तेव्हा मलाही वाटलं होतं मीठ भेसळीचं आहे. लॅबमधल्या मामांनी दुसऱ्या खड्याला पारदर्शक नेलपॉलिश फासून दिलं, पाणी आतच राहावं म्हणून, तो अजून माझ्याकडे आहे.

(मोरचूद विषारी आहे, घरातली भांडी आणि गॅस त्यासाठी वापरू नका.)

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, क्रिस्टल पिकअपचा (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग). मोटर चालते, सुई नवीन घातली, पण आवाज नाही. मेकॅनिक म्हणाला ‘क्रिस्टल विरघळला’. क्रिस्टल कसा विरघळेल? माळ्यावर कोरड्या जागी ठेवला होता.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : माळ्यावर ठेवला होता इथेच मेख आहे हो. त्या काळच्या बऱ्याच पिकअपमध्ये रोशेल मिठाचे तुकडे असायचे, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट, चार पाणीवालं. चिंचेतल्या आंबट आम्लाचंच मीठ. फ्रान्समधल्या ला रोशेल गावचा सेन्येत नावाचा औषधवाला, त्याने सतराव्या शतकात जुलाबाचं औषध म्हणून काढलेलं. नंतर १८८० मध्ये क्यूरी बंधूंना कळलं की काही स्फटिक दाबले की वीज देतात, त्यात हे पण होतं, आणि नुसतं होतं नाही तर बाकीच्यांपेक्षा कितीतरी जोरात. सुई थरथरली की खडा वाकतो, वाकला की व्होल्टेज, एवढाच तुमचा पिकअप.

त्याला वैरी दोन. हवा फार कोरडी झाली, साधारण ३०-३५ टक्के आर्द्रतेच्या खाली, की त्यातलं पाणी जायला लागतं आणि खडा पिठासारखा होतो. आणि ५५ अंशांच्या आसपास तो तुरटीसारखाच स्वतःच्या पाण्यात विरघळतो. आता नागपूरचा मे महिना, पत्र्याखालचा माळा. दोन्ही वैरी एकाच घरात. कोकणात असतात तर तिसरा भेटला असता, पावसाळी दमट हवेत हे मीठ उलट पाणी ओढून चिकट होतं. मेकॅनिकचं निदान चुकीचं नाही. तो खडा परत येत नाही, सिरॅमिक कार्ट्रिज बसवून घ्या, सुईचा प्रकार आणि वजन जुळतंय का तेवढं बघा.

पण या मिठाची खरी मजा पाणी न जाता होणाऱ्या बदलात आहे, आणि फेज ट्रान्झिशन, म्हणजे अवस्थांतर, म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर हेच येतं. १९२० मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ वलासेक नावाचा विद्यार्थी यावर मोजमापं करत होता. त्याला दिसलं की लोखंड जसं चुंबक म्हणून ‘लक्षात ठेवतं’ तसं हे मीठ विजेची दिशा लक्षात ठेवतं. यालाच पुढे फेरोइलेक्ट्रिक म्हणायला लागले, आणि जगातलं पहिलं सापडलेलं उदाहरण हेच. आता विक्षिप्तपणा बघा, हा गुण फक्त उणे १८ ते अधिक २४ अंशांच्या मध्येच. २४ च्या वर नाही, हे समजू शकतं, गरम झालं की शिस्त मोडते. पण उणे १८ च्या खाली पण नाही! थंड केलं की पुन्हा बेशिस्त, असं सहसा कुणी करत नाही. यात हायड्रोजनचा हात आहे हे कळतं ते असं, की साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरून खडा वाढवला तर वरची हद्द २४ वरून ३५ च्या आसपास जाते. पाणी एक थेंब इकडे-तिकडे झालेलं नाही, फक्त हायड्रोजन जड झाला.

म्हणजे तुमचा प्लेअर चालू होता तेव्हा थंडीतल्या संध्याकाळी जरा वेगळा वाजायचा असं वाटलं असेल तर तो भास नसावा, २४ अंशांच्या आसपास या खड्याचा प्रतिसाद एकदम उसळतो.

रोशेल मीठ घरी करून बघायचं असेल तर बेकिंगच्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर मिळतं. १०० ग्रॅमला साधारण ४५ ग्रॅम खायचा सोडा, गरम पाण्यात, पण सोडा चमच्याचमच्यानेच घाला नाहीतर फेस ओट्यावर. गाळा, फ्रीजमध्ये न ठेवता थंड कोपऱ्यात ठेवा, बी म्हणून एक छोटा खडा दोऱ्याला बांधून सोडा. काचेसारखे खडे येतात.

टार्टरेटच निघालंय तर पाश्चरचंही सांगते. त्याने १८४८ मध्ये सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे-उजवे (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले) खडे चिमट्याने वेगळे केले ते सगळ्यांनी वाचलंय. पण ते मीठ २७ अंशांच्या खालीच असं डावं-उजवं वेगळं होतं, तेव्हा त्यात चार पाणी असतात. त्याच्या वर एकच पाणी असलेला मिश्र खडा येतो, ज्यात वेगळं करायला काही उरतच नाही. पॅरिसची थंड हवा होती म्हणून जमलं. तुमच्या नागपुरात एप्रिलमध्ये बसला असता तर चिमटा घेऊन नुसता बसलाच असता.

प्रश्न : आतली चकती टिचकवली की गरम होणारी शेकायची पिशवी आणली. उकळून थंड करायला ठेवली की चकती न दाबताच दगड होते. आणि दुसरं, असंच मीठ टाक्यांत भरून दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवता येणार नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पिशवी नीट उकळली गेली नाहीये. आत सोडियम ॲसिटेट आहे, तीन पाणीवालं, ५८ अंशांना पाघळतं. पूर्ण पाघळलं तर पार खोलीच्या तापमानापर्यंत द्रवच राहतं, सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचत नाही. एक जरी पांढरा कण कोपऱ्यात, शिवणीत किंवा चकतीजवळ राहिला की तो बी होतो आणि थंड होता होता सगळं गोठतं. खळखळत्या पाण्यात अजून दहा मिनिटं ठेवा, मध्येच उलटी करा, उजेडासमोर धरून कण शोधा.

दुसरा प्रश्न फार चांगला, आणि तो करून झालाय. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावात मारिया टेल्केश यांनी असं घर उभं केलं, वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची. मीठ ग्लॉबरचं, सोडियम सल्फेट दहा पाणीवालं, स्वस्त आणि ३२.४ अंशांना पालटणारं. (त्या मिठाचा हा आकडा इतका पक्का की हार्वर्डच्या रिचर्ड्स यांनी थर्मामीटर तपासायला तो सुचवला होता. झाकण बंद आणि पाणी आतच, म्हणून इथे आकडा हलत नाही, जळगावच्या मुलीने हे वाचावं.) पहिला हिवाळा छान गेला. दोन-तीन हिवाळ्यांत बारगळलं. कारण ३२.४ ला हे मीठ पूर्ण विरघळत नाही, थोडं बिनपाण्याचं मीठ पांढरं होऊन तळाशी बसतं आणि रात्री थंड होताना त्याच्यावर नव्या खड्यांची साय धरते. खाली मीठ, वर पाणी, मध्ये साय, दोघांची भेट नाही. रोज थोडं थोडं तळाशी जात राहतं आणि टाकीची गरमी कमी होत जाते. डबेही गंजले. आता दाट करायला जेल आणि बी म्हणून थोडा बोरॅक्स घालतात, त्याने बरंच सावरतं, पण घरगुती जुगाडाच्या फंदात पडू नका, सोलर हीटरला पाण्याचीच टाकी बरी.

प्रश्न : मुलाचा हात मोडला तेव्हा प्लास्टर घातल्यावर तो म्हणाला ‘आई, गरम होतंय’. मला वाटलं घाबरलाय. खरंच गरम होतं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : होतं, मुलगा खरं बोलला. जिप्सममध्ये दोन पाणी असतात, ते दीडशेच्या आसपास भाजून दीड पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस. ओल्या पट्टीत ते उडवलेलं पाणी परत घेतं, सुयांसारखे खडे एकमेकांत अडकून घट्ट होतं, आणि भट्टीत घातलेली उष्णता तिथे हातावर परत मिळते. वरून लगेच पांघरूण घालायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. गणपतीच्या पीओपी मूर्तीचंही तेच, पाण्यात टाकल्यावर ती विरघळेल ही आशा फुकट, कारण साच्यात असतानाच ती परत जिप्सम झालेली असते आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची बादली सुचवली, त्यात मात्र मूर्तीचा चुनखडीसारखा गाळ होतो आणि वरचं पाणी झाडांना घालता येतं.